म्हादबा मिस्त्रींचा उजवा डोळा

मी विसरलो नव्हतो.

हे मी फार आधी म्हणायला हवं होतं. सांगलीत मिरज रस्त्यावरच्या शेडमध्ये म्हादबा मिस्त्रींच्या उजव्या डोळ्याचं जे झालं, ते माझ्या विसरण्यामुळं झालं असं सगळे धरून चालले, कारण मीच तसं सांगितलं होतं. लोकांनी माझी समजूत घातली. कामाच्या घाईत होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस म्हणाले. मी मान खाली घालून ती समजूत घेतली, आणि वर त्यांचा चहाही प्यालो.

त्या शेडमध्ये काळी काच एकच होती आणि ती वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात असे. दुसरा माणूस लोखंड धरून उभा राही. रॉड टेकवण्याआधी वेल्डिंग करणाऱ्यानं ‘डोळं’ एवढंच म्हणायचं. मग धरणाऱ्यानं डोळे मिटून तोंड फिरवायचं. हा शब्द म्हटला नाही तर त्या क्षणी फारसं काही होत नाही. समोर पांढरं झगझगीत चमकून जातं, इतकंच. संध्याकाळ झाली की मात्र डोळ्यांत कुणी तापलेली वाळू ओतल्यासारखं होतं, पापणी उघडत नाही, पाणी थांबत नाही. धडधाकट डोळ्यांचं एक-दोन दिवसांत ओसरतं. मिस्त्रींना डोळा एकच होता, आणि तोही वर्षानुवर्षं भाजून भाजून कमजोर झालेला.

डावा कसा गेला याच्या त्यांच्याकडं दोन कथा होत्या. शेतकरी गिऱ्हाईक आलं की तो लढाईत गेलेला असे. फौजेतला कुणी सुटीवर आलेला माणूस शेडमध्ये शिरला की तोच डोळा बैलाच्या शिंगानं गेलेला असे. खरं काय ते माझ्या वडिलांना माहीत होतं. ट्रॉलीच्या आसावरची वेल्डिंगची खपली हातोडीनं उडवताना गरम तुकडा थेट बुबुळात गेला होता. चष्मा खिळ्याला टांगलेला होता. तो का घातला नाही, तर बघायला चार लोक जमले होते म्हणून.

वडील आणि मिस्त्री फौजेत एकत्र होते. मिस्त्री तिथल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकले. वडील आमच्या गावात, कोरेगावच्या बाजूला, तोफखान्यातले म्हणून ओळखले जात आणि पारावर बसले की तोफांच्या गोष्टी सांगत. दुष्काळाच्या वर्षी मी मॅट्रिक झालो. विहिरीनं तळ गाठला होता, शेतात मला करण्यासारखं काही नव्हतं. साताऱ्याच्या आयटीआयमध्ये वेल्डरच्या वर्गात माझं नाव लागलं, आणि त्याच आठवड्यात मिस्त्री आमच्याकडं जेवायला आले.

जेवताना वडिलांनी त्यांना विचारलं, काय करावं. मिस्त्रींनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडं पाहिलं. त्यांना बघायचं असलं की सगळी मान वळवावी लागे, त्यामुळं ते आपल्यावर नेम धरताहेत असं वाटे.

“शाळंत जाऊन काय करनार ह्यो? फळ्यावर आग काडाय शिकंल. माज्याकडं दे. वर्सात हात बसंल, न्हाईतर हात जळंल. काय तरी एक हुईल.”

वडील हसले. मित्राचा शब्द त्यांना सरकारच्या कागदापेक्षा मोठा वाटला. मी साताऱ्याची जागा सोडली आणि सांगलीला गेलो.

शेडमध्ये माणसांना नावं नव्हती, खोडी होत्या. एकाचा हात कापायचा, तो ‘हिवताप’. एक जाड होता, तो ‘पोतं’. मी मॅट्रिक, म्हणून ‘मास्तर’. मिस्त्री सकाळी खाकी अर्धी चड्डी आणि पॉलिश केलेले बूट घालून येत, रॉडचा पुडा उघडून नाकाला लावत आणि दमट आहे म्हणून कुणाला तरी शिवी घालत. पुडा दमट नसला तरी शिवी ठरलेली होती. त्यांची स्वतःची वेल्डिंगची रेघ मात्र फार देखणी पडायची. एकसारखी, माशाच्या खवल्यासारखी. ती पुरती निवायच्या आत ते तिच्यावरून अंगठा फिरवत. अंगठ्याला चटका बसत असणारच, पण चेहऱ्यावर ते कधी दिसलं नाही.

आमची रेघ तपासायची त्यांची रीत वेगळी होती. जोडलेला तुकडा गिऱ्हाइकासमोर ऐरणीवर आपटायचा. तुटला तर तो तारेत ओवून ज्यानं जोडला त्याच्या गळ्यात बांधायचा आणि त्याला रस्त्यापलीकडं चहा आणायला पाठवायचं. हिवताप एकदा तसा गळ्यात लोखंड घेऊन गेला तेव्हा हॉटेलात त्याच्या गावची माणसं बसली होती. परत आल्यावर तो रडत होता. मिस्त्री म्हणाले, “कपात पानी पडू दिऊ नगं, चा पातळ हुतोय.” आम्ही सगळे हसलो. मीही हसलो, कारण त्या दिवशी ते माझ्या गळ्यात नव्हतं.

आणि ‘डोळं’. हा शब्द त्यांच्या मर्जीवर होता. मर्जी असली की स्वच्छ, मोठ्यानं म्हणत. कुणावर राग असला की तोंडातल्या तोंडात, किंवा मुळीच नाही. मग तो माणूस संध्याकाळी डोळे झाकून शेवंताकाकींकडं जाई.

शेवंताकाकी म्हणजे मिस्त्रींची बायको. शेडच्या मागं दोन खोल्यांत ती दोघं राहत. मूलबाळ नव्हतं. काकी आम्हाला ओसरीवर उताणं निजवत, डोळ्यांत शेळीच्या दुधाचे थेंब सोडत आणि बटाट्याच्या चकत्या ठेवत. हाताला लसणाचा वास असे. त्या फारसं बोलत नसत. “हलू नगंस, लेकरा,” एवढंच. सांगलीतल्या इतर शेडमधली पोरंही त्यांच्याकडं येत. मिस्त्री दारातून म्हणत, “झाली का गं तुजी डाक्टरकी?” पण औषध त्यांनी कधी थांबवलं नाही. डोळे जाळायचं काम त्यांचं आणि निववायचं काकींचं, अशी त्या घरात वाटणी होती. त्यात वावगं काही आहे असं कुणाला वाटत नसे.

वर्षभरानं मी पुन्हा साताऱ्याला अर्ज केला आणि माझं नाव पुन्हा लागलं. या वेळी वडिलांनी अडवलं नाही. मी कंदी पेढे घेऊन मिस्त्रींचा निरोप घ्यायला गेलो. त्यांनी पुडा बाजूला ठेवला, नांगराचा एक फाळ माझ्या हातात दिला आणि जाता जाता एवढं धर म्हणाले. मी धरला. त्यांनी काच तोंडाशी घेतली आणि काही न म्हणता रॉड टेकवला. मी उघड्या डोळ्यांनी त्या उजेडात बघत उभा होतो. मग काच खाली करून ते म्हणाले, “जा आता. शाळंत सांग, मिस्त्रीनं दिवा दावलाय.”

काकींनी माझ्या डोळ्यांत थेंब सोडले, वर फडकं बांधलं आणि हिवतापाला सांगून मला एस.टी.त बसवलं. साताऱ्यातला माझा पहिला दिवस खोलीत भिंतीकडं तोंड करून गेला.

आयटीआयमध्ये मला सगळ्यांत नवल वाटलं ते शिकंज्याचं. तिथं लोखंड धरायला माणूस नव्हताच. शिकंजा आवळला की लोखंड हलत नसे. जो जवळ उभा राही त्याला काच मिळे. पहिल्या दिवशी मी लोखंड धरायला पुढं झालो तेव्हा शिकवणारे सर म्हणाले, “अरे, हात काढ, ते कशाला?” तिथं मला कुणी शिवी दिली नाही, गळ्यात काही बांधलं नाही. रेघ मात्र बरी पडायची, आणि ती सांगलीत बसलेल्या हातानं पडायची. हे मला खुपत असे. शाळेनं मला घडवलं असं म्हणायची माझी फार इच्छा होती.

मी कागद घेऊन बाहेर पडलो त्या सुमारास एका साखर कारखान्यानं मिस्त्रींना टाक्यांचं आणि पाइपांचं मोठं काम देऊ केलं. अट अशी होती की वेल्डिंग शिकून पास झालेल्या माणसानंच करायचं. मिस्त्रींकडं असा माणूस नव्हता आणि ते स्वतःही तसे नव्हते. ते आमच्या गावी आले. वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मिस्त्री त्यांच्या उशाशी बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, तुझ्या पोराचा कागद मला पाहिजे, त्याच्याबरोबर पोरगं आलं तरी चालंल. वडिलांनी मला जायला सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले.

असा मी पुन्हा त्या शेडमध्ये आलो. आता काच माझ्या हातात होती. धरायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा मिस्त्री स्वतः पुढं झाले. मी साताऱ्याहून दोन शिकंजे आणले होते, ते त्यांनी रस्त्यावर फेकून दिले. “चिमट्यात धराय मी काय आचारी हाय?” मी त्यांच्यासाठी आणलेली दुसरी काच त्यांनी खिळ्याला टांगली आणि तिथंच राहू दिली. ते धरत, मी ‘डोळं’ म्हणत असे, ते तोंड फिरवत, आणि तोंड फिरवलेल्या अवस्थेत माझ्या प्रत्येक टाक्याला नाव ठेवत. आवाजावरून कळतं म्हणायचे. मास्तरचा हात घसरला. मास्तर फळा पुसतोय. मी ते सगळं सोसलं, खरं सांगायचं तर थोडं चवीनं सोसलं. त्यांना माझ्यासाठी लोखंड धरावं लागत होतं, यातच मला पुष्कळ मिळत होतं.

त्या दिवशी कारखान्याची माणसं काम बघायला आली होती. त्यांच्यातल्या एकाचं गाव आमच्या गावाजवळ. त्यानं मला विचारलं, तू तोफखान्यातल्या अमक्याचा मुलगा ना? मी अभिमानानं हो म्हणालो. मिस्त्री पाइप धरून उभे होते. ते हसले.

“तोफखाना?” ते म्हणाले. “ह्याचा बा लंगरखान्यात हुता. पोळ्या लाटायचा. तोफेचा आवाज आला की पिठात तोंड खुपसायचा.”

सगळे हसले. वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि मला लगेच कळलं की हे खरं आहे. वडिलांच्या हातच्या पोळ्या आईच्या पोळ्यांपेक्षा गोल होत्या. इतकी वर्षं मिस्त्रींनी त्यांची ही गोष्ट झाकली होती आणि वडिलांनी मिस्त्रींच्या डाव्या डोळ्याची. मी तेव्हा तोंडानं उत्तर देऊ शकलो असतो. चष्मा खिळ्याला टांगला होता, असं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी काच तोंडाशी घेतली. मिस्त्री माझ्याकडं मान वळवून, हसणाऱ्या लोकांना पाठ करून, मी आता काय बोलतो ते बघत होते. तो एक डोळा पूर्ण उघडा होता. तो शब्द माझ्या जिभेवर होता. मी तो गिळला आणि रॉड टेकवला, आणि लगेच उचललाही नाही.

त्यांनी पाइप सोडला नाही. मी थांबल्यावर तो हळूच खाली ठेवला.

मी विसरलो, मी विसरलो, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. संध्याकाळी मीच त्यांना हाताला धरून मागच्या खोलीकडं नेत होतो. दाराच्या अलीकडं ते थांबले आणि काकींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “इसरला न्हाईस तू.”

मी दार ढकलायला हात पुढं केला.

“आता झालास मिस्त्री. ह्ये शाळंत शिकिवलं नसतं.”

त्यांनी माझी केलेली स्तुती एवढीच.

काकींनी नेहमीसारखं दूध सोडलं, चकत्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डोळा बरा व्हायच्या ऐवजी सुजला. काकींनी पुन्हा दूध सोडलं. मग त्यात पू झाला. मिरजेच्या डॉक्टरांकडं नेईपर्यंत उशीर झाला होता. बुबुळावर पांढरं फूल पडलं. डॉक्टरांनी विचारलं, यात काय घातलं होतं? काकींनी सांगितलं. डॉक्टर त्यांना फार बोलले. मी शेजारी उभा होतो. ते म्हणाले, उजेडानं भाजलेलं बरं झालं असतं, तुम्ही हे घालून डोळा नासवला. काकींनी पदर तोंडाला लावला. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला सुटल्यासारखं वाटलं.

मिस्त्रींनी तेच धरलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, “बायकोनं डोळा खाल्ला माजा.” काकी समोरच असत. त्या त्यांना न्हाऊ घालत, घास हातात देत, हाताला धरून बाहेर नेत, आणि हे ऐकत.

कारखान्याचं काम संपल्यावर मला साताऱ्यात नोकरी लागली. जाण्यापूर्वी मिस्त्री एकटे असताना मी त्यांच्या पायाशी बसलो आणि माझ्या हातून मुद्दाम झालं असं कबूल केलं. काकींना मी सांगतो, म्हणालो. त्यांनी माझं मनगट पकडलं. पकड अजून तशीच होती.

“तिला काय बी सांगायचं न्हाई. तिला वाटतंय तिच्या हातनं झालं, म्हनून हाताला धरून न्हेतीया. न्हाईतर मी तिला जलमभर काय सुख दिलंय, का म्हनून करंल ती माजं? तू गप ऱ्हा. तुला माफ केलं जा.”

मी ती माफी घेतली. ती कुणाच्या जिवावर मिळाली हे मला कळत होतं, तरी घेतली. पुढं जेव्हा जेव्हा सांगलीला गेलो तेव्हा काकींनी माझ्यापुढं ताट वाढलं आणि मी जेवलो.

शेवटचा गेलो तेव्हा मिस्त्री ओसरीवर खाटेवर बसले होते. शेड दुसऱ्याला चालवायला दिली होती. बूट पॉलिश केलेले होते. ते काकी करत असणार. अंगानं वाळले होते, पण बोलण्याला धार होती. गल्लीतला एक हमाल आपल्या थोरल्या मुलाबद्दल विचारायला आला होता. पोराला वेल्डिंग शिकायचंय, साताऱ्याला आयटीआयला पाठवू की इथंच शेडमध्ये चिकटवू?

मिस्त्री म्हणाले, “ह्या मास्तरला इच्यार, ह्यो दोन्हीकडं ऱ्हाऊन आलाय.”

हमाल माझ्याकडं बघू लागला. मी म्हणालो, साताऱ्याला पाठवा. त्यानं विचारलं, तिथं चांगलं शिकवतात का? मी म्हणालो, तिथं लोखंड शिकंज्यात धरतात. त्याला ते पटलं असावं, नसावंही. तो म्हणाला, पोरगं आत्ताच एका शेडमध्ये बघायला जातंय, काल डोळे भाजून आलंय, रात्रभर ओरडतंय. मग तो दाराकडं वळून काकींना म्हणाला, “काकी, तुमी औषध घालायचा ना? जरा येता का?”

काकी उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“न्हाई रं बाबा. मी आता कुनाच्या डोळ्याला हात लावत न्हाई. दवाखान्यात ने त्येला. माज्या हाताचा गुन ग्येला.”

“गुन कसला,” मिस्त्री म्हणाले. “ह्या हातानं तर माजा डोळा खाल्ला.”

“व्हय,” काकी म्हणाल्या. “माज्याच हातनं झालं.”

हे त्यांनी नेहमीचं काही सांगावं तसं सांगितलं. आतापर्यंत मी हे मिस्त्रींच्या तोंडून ऐकत होतो. त्यांच्या स्वतःच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मी उठलो. मिस्त्रींनी माझ्या उठण्याचा आवाज ऐकला आणि मान माझ्याकडं वळवली. ती पांढरी बुबुळं माझ्यावर नेम धरल्यासारखी थांबली. “मास्तर,” ते म्हणाले. “गप बस.” आवाज खाली होता. त्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काही होतं. ते घाबरले होते. त्यांचा हात खाटेवर माझं मनगट शोधत फिरत होता. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं.

मी त्यांच्या बाजूनं निघून उंबऱ्याशी जाऊन बसलो. काकींनी सूप जरा बाजूला घेतलं, मला जागा व्हावी म्हणून. हमाल तिथंच उभा होता, तरी मी थांबलो नाही.

“काकी, त्या दिवशी मी इसरलो न्हवतो. ‘डोळं’ म्हनायचं माज्या ध्यानात हुतं. रागानं म्हटलं न्हाई. मिस्त्रींस्नी त्याच दिवशी कळलं हुतं.”

त्यांचा सुपातला हात थांबला. पाठीमागून मिस्त्री दोनदा माझं खरं नाव घेऊन हाक मारत होते. ते नाव त्यांच्या तोंडून मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी मागं बघितलं नाही. काकींनी फार हळू विचारलं, “म्हंजे माज्या औषदानं न्हाई झालं?”

मला हो म्हणता आलं असतं, नाहीही. पण आता आणखी खोटं बोलवेना.

“औषधाचं मला कळत न्हाई, काकी. पन ते घालायची येळ मी आनली. मुद्दाम आनली. आन इतकी वर्सं तुमच्या हातचं जेवून गप बसलो. मला माफ करा.”